कमरेचं हत्यार (भाग १२) : तेल घालावं, पण किती?

काडतुसाला वय असतं का, यावर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते राहिलं. दोष मोंढ्यातल्या एका अडत्याचा.

मंगळवारी बाजारातून परतताना त्याने हाक मारली, "मेजर, चहा घेऊन जा." मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण परतुरात पलटणीतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, दुरुस्त करणं मी केव्हाच सोडलंय. चहा येईस्तोवर त्याने कमरेकडे बोट केलं. "हे किती दिवसांनी साफ करायचं असतं ओ? मेव्हणा म्हणतो महिन्याला. दुसरा म्हणतो गोळी झाडली तरच. मी आपलं रोज तेल घालतो."

रोज तेल घालतो हे ऐकून मी कप खाली ठेवला. "इथं काढू नका," म्हटलं, "संध्याकाळी घरी येतो." हमालांच्या येरझाऱ्यांत, गिऱ्हाइकांसमोर हत्यार उघडायचं नसतं, हे दुसऱ्या भागात सांगून झालंय.

संध्याकाळी माजघरात बसलो. मुलांना बाहेर पाठवलं, नळी कोपऱ्यातल्या ज्वारीच्या थप्पीकडे केली. हत्यार कानपूरचं, .३२चं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. मूळ घडण इंग्रजांच्या वेब्लीची, म्हणजे कडी दाबली की कंबरेत मोडतं आणि काडतुसं आपसूक वर येतात. ती स्टीलच्या ताटलीत घेतली, मोठ्याने मोजली, सहाच्या सहा. ताटली दुसऱ्या खोलीत गेली. मग चक्रीच्या प्रत्येक घरात करंगळीचं टोक फिरवलं. डोळा फसतो, बोट फसत नाही. हा सगळा सोपस्कार झाल्याशिवाय मी चिंधीला हात लावत नाही. तीस वर्षं हेच काम केलं म्हणून तर जास्तच लावत नाही.

काडतुसं वर उचलणारी चांदणी असते ना, तिच्याखाली टूथपिक घातली. बाहेर आला तो करड्या रंगाचा एक पापुद्रा, नखाएवढा. अडत्या म्हणाला, "दारूची काजळी असंल." मी तो त्याच्या तळहातावर ठेवला आणि चोळायला सांगितलं. चोळल्यावर तंतू सुटे झाले. रुई! दिवसभर जिनिंगच्या आवारात आणि कापसाच्या गाड्यांभोवती फिरणारा हा माणूस. हवेतलं तूस कव्हरमध्ये शिरायचं, रोजच्या तेलाने जागच्या जागी धरलं जायचं, आणि दोन हंगामांत त्याचा चक्क नमदा झाला होता. या रिव्हॉल्व्हरमधून घेतल्यापासून एकही गोळी सुटलेली नव्हती.

आता यात बिघडतं काय? चांदणी केसभर जरी वर राहिली तरी काडतुसांची बुडं मागच्या पोलादी पत्र्याला घासतात. चक्री जड फिरते, चाप ओढायला दुप्पट जोर लागतो, कधी अडूनच बसते. म्हणजे ज्या वेळेसाठी हे ओझं वर्षानुवर्षं कमरेला बाळगलं, नेमकं त्याच वेळी ते ऐकणार नाही. आणि मालकाची समजूत काय, तर आपण रोज निगा राखतो!

"झाडलं की साफ करा" हा नियम फौजेतून आला. एनसीसीत गेलेल्यांना आठवेल: पुल थ्रू, पुसायला चार बाय दोन इंचांची चिंधी, तेल लावायला चार बाय दीडची, आणि ओएक्स-५२ तेल. तेलाची चिंधी अर्ध्या इंचाने अरुंद कशाला, हे पोरं कधी विचारत नाहीत. रुंद चिंधी नळीत घट्ट बसते आणि घाण खरवडून आणते. तीच तेलाला वापरली तर नळीच्या तोंडाशीच पिळून निघते, आत कोरडं ठाक. मला हा अर्धा इंच फार आवडतो. ज्याने कुणी ठरवला त्याने स्वतः चिंधी ओढलेली होती, कार्यालयात बसून ठरवलेला नाही.

थ्री-नॉट-थ्रीच्या जमान्यात गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे. बघणाऱ्याला वाटे, हे काय, बंदुकीला अंघोळ! त्याला कारण होतं. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. टोपी पेटली की मागे राहायचं पोटॅशियम क्लोराइड, मिठाचं सख्खं भावंडच. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात एका रात्रीत नळीला तांबूस लव फुटते. तेलाने मीठ विरघळत नाही, ते पाण्यानेच जातं. म्हणून आधी पाणी, मग कोरडं, मग तेल. आताच्या टोप्यांत ते क्षार नसतात, त्यामुळे उकळत्या पाण्याचा सोहळा संपला. नियम मात्र डोक्यात पक्का राहिला: झाडलं तर घाण, नाही झाडलं तर स्वच्छ.

परवान्याच्या हत्याराला तो लागू पडत नाही. आपल्याकडे शंभरातले किती परवानाधारक वर्षाला दहा गोळ्या झाडतात? परवान्यावर काडतुसं मोजून मिळतात, सरावाचं मैदान जवळ नाही, आणि वरातीत झाडायची हौस असेल तर २०१९च्या दुरुस्तीपासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा हे हत्यार झाडून मळत नाही, बाळगून मळतं. मीठ येतं ते आपल्या अंगातून. मे महिन्यात परतुरात उन्हं कशी असतात ते मी सांगायला नको. सदऱ्याच्या आत, बंडीला चिकटून दहा तास राहिलेल्या लोखंडाची अंगाकडची बाजू आणि बाहेरची बाजू संध्याकाळी शेजारी धरून बघा. निळं पॉलिश आधी कुठून उडालंय ते दिसेल.

त्या निळ्या पॉलिशबद्दल एक सांगतो, कारण लोकांना तो रंग वाटतो. रंग नाही तो. लोखंडावर मुद्दाम चढवलेला काळानिळा गंजच आहे, तांबड्या गंजाला आत येऊ न देणारा. पण त्याचा थर अगदी पातळ आणि सच्छिद्र. तो तेल धरून ठेवतो म्हणून कामाचा. कोरडा पडला की घाम आरपार जातो.

म्हणजे तेल हवंच. पण बाहेर हवं ते पुसट, आणि आत हवं ते मोजक्या ठिकाणी. अडत्याला मी टाचणीच्या टोकावर राहील एवढा थेंब दाखवला: एक मोडत्या खिळीला, एक चक्रीच्या दांड्याला, एक घोड्याच्या बुडाशी. बस. "एवढंच?" म्हणून तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याच्याच तेलात काटकसर करतोय. चक्रीची घरं आणि नळी कोरड्या चिंधीने पुसून, मग तेलाचा नुसता वास राहील इतपत हात. काडतुसांना तेल अजिबात नाही. पातळ तेल टोपीच्या कडेने झिरपून आत गेलं की काडतूस मुकं होतं. पिस्तूल असेल तर सरकत्या भागाच्या खाचांना थेंब द्या, पण सुईची वाट आणि मॅगझिनचं पोट कोरडं राहू द्या.

तेल कुठलं, यावर मराठवाड्यात मी काय काय पाहिलंय! एका गृहस्थाने घरच्या घाण्याचं करडईचं तेल घातलं होतं. खायला उत्तम, पण करडईचं तेल हवेने वाळतं, म्हणूनच ते रंगवाल्यांच्या उपयोगी पडतं. त्यांच्या रिव्हॉल्व्हरच्या चापाला आतून व्हार्निश चढलं होतं. दुसऱ्याने खोबरेल वापरलं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. पौषात पहाटे देवळातली बाटली शेगडीजवळ धरावी लागते, हे माहीत असूनही माणूस तेच तेल घोड्याच्या सांध्यात कसं घालतो कोण जाणे. गाडीतलं जुनं काळं तेल तर नकोच, त्यात धातूचा कीस असतो. परवानाधारक दुकानातलं बंदुकीचं तेल घ्या. ते नसेल तर शिलाई मशीनचं चालतं, मात्र ते फार पातळ आणि लवकर ओघळतं, म्हणून पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

खंडेनवमीचा विषय इथे आल्याशिवाय राहत नाही. वर्षातून एकदा हत्यार बाहेर काढून पुसायची ही आपली जुनी तारीख, आणि चांगली आहे. पावसाळा नुकताच सरलेला असतो, काय गंजलं ते कळतं. आपल्याकडे हत्यारांना झळाळी देण्याला शिकल करणं म्हणत आणि ते काम करणारा तो शिकलगार. मूळ शब्द अरबी ‘सैकल’, म्हणजे घासून लकाकी आणणं. त्या माणसाकडे हत्यार आधी जायचं, पूजा नंतर. आता पूजा तेवढी राहिली. ओलं हळदकुंकू थेट पोलादावर, वर झेंडू, आणि दुसऱ्या दिवशी तसंच कपाटात. एकदा एका घोड्याच्या बेचक्यातून वाळलेली झेंडूची पाकळी काढलीय मी, खाली तिच्याच आकाराचा गंज. देवाला हत्यार दाखवावं, पण हळदकुंकू कव्हरला लावलं तर तो रागावणार नाही.

आता माझी स्वतःची फजिती. परतूर तालुका जालन्यात, १९८१पासून. पण लोकसभेला आम्ही परभणीत मोडतो. २०२४ला इथलं मतदान २६ एप्रिलला उरकलं, निकाल मात्र ४ जूनला. मार्चमध्ये आचारसंहिता लागली तसं माझं हत्यार जमा झालं. घाईत मी ते चामड्याच्या कव्हरसकट दिलं. हा माझा गाढवपणा, कारण दुसऱ्यांना नको म्हणून सांगत मी आयुष्य काढलं. चामडं घाम पितं आणि धरून ठेवतं. कमावताना लागलेले क्षार आणि आम्लं त्यात असतातच. मृगाच्या सुमाराला हत्यार परत आलं तेव्हा अंगाकडच्या बाजूला तिळाएवढे सात तपकिरी ठिपके. काडतुसं पट्ट्याच्या चामडी घरांत होती, त्यांच्या पितळेवर हिरवा चिकटा. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, अगदी तसंच. बायको म्हणाली, "दुसऱ्यांना शिकवा."

त्या ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा मी शहाणा झालो होतो. आदल्या रात्री कोरडं पुसलं, नेहमीपेक्षा जाडसर तेलाचा हात दिला, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळलं. कव्हर वेगळं, काडतुसं पुठ्ठ्याच्या खोक्यात. परत आलं ते जसंच्या तसं. जमा करायच्या हत्याराला भरपूर तेल चालतं, कारण त्याला हलायचं नसतं. कमरेच्या हत्याराला ते चालत नाही. परत आल्यावर ते जादा तेल पुसून काढायचं मात्र विसरू नका.

अडत्याला शेवटी मी आकडा दिलाच, कारण आकडा मिळाल्याशिवाय मोंढ्यातला माणूस उठू देत नाही. रोज रात्री कमरेवरून उतरवलं की बाहेरून सुती फडक्याने पुसायचं, तेलाची बाटली न उघडता. फडक्यात आधीचं तेल असतं तेवढं पुरे. कापसाच्या हंगामात आणि पावसाळ्यात दर रविवारी रिकामं करून चांदणीखाली, घरांत नि नळीत बघायचं. जुना दात घासायचा ब्रश त्याला उत्तम. एरवी हेच महिन्याला. पावसात भिजलं किंवा गोळी झाडली, तर त्याच दिवशी, जेवणाआधी. आणि वर्षातून एकदा जाणत्याकडून बाजूचा पत्रा उघडून घ्यायचा. स्वतः उघडू नका, आतली कमान उडाली की ती कपाटाखाली जाते आणि मग माझ्याकडे येता. परवान्याचं नूतनीकरण आता तीन वर्षांऐवजी पाच वर्षांनी असतं. काही जणांनी सफाईलाही तीच मुदत लावून घेतलीय.

त्याने सगळं कोऱ्या चिठ्ठीवर लिहून घेतलं, मापाच्या चिठ्ठीवर लिहितात तसं, खाली बेरजेची रेघ मारून. मग विचारलं, "आन् ह्या गोळ्या? सात वर्षं झाली यांना. चालतील का?"

ताटली आणवली. सहांतल्या दोघींच्या टोप्यांभोवती तेलाचं कडं दिसत होतं. त्या दोन बाजूला काढून ठेवायला सांगितल्या. का, ते पुढच्या मंगळवारी.