मण्यापासून माळेपर्यंत

तुमच्या घरी एखादी तुटलेली माळ नक्कीच असेल. माळ तुटली की आपण खाली वाकून मणी गोळा करतो, एका डबीत ठेवतो आणि विसरून जातो. ती माळ पुन्हा ओवता येईल का? येईल. ती नीट ओवायला शिकणे ही दागिने घडवण्याच्या कलेची पहिली पायरी आहे. ही पायरी थोड्या दिवसांच्या कार्यशाळेत कशी चढता येते आणि त्यानंतर काय करावे लागते, हे या पाठात पाहू.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला ही कला नवी नाही. तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. प्राचीन काळी त्याला तगर म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका प्रवासवर्णनात या शहराचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर आहे आणि तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जातो, असे त्यात सांगितले आहे. गावात जमिनीखाली सापडणाऱ्या जुन्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आवडीने जमवल्या. आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरला आहे. तेथे जुने मणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, मातीच्या सुबक मूर्ती आहेत.

जुन्या काळी कठीण दगडाच्या लांबट मण्याला भोक पाडताना कारागीर दोन्ही टोकांकडून सुरुवात करत. दोन्ही भोके मधोमध येऊन मिळत. थोडी चूक झाली तर मणी फुटे आणि सारी मेहनत वाया जाई. शंखाची बांगडी, दगडाचा मणी, तुळजापूरच्या बाजारात मिळणारी कवड्यांची माळ, यांपैकी कशातही सोने नाही. दागिन्याची किंमत केवळ धातूत नसते, ती हातातही असते.

हाताच्या या कौशल्याला मराठीत 'हुन्नर' म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत तुम्ही त्यालाच 'हुनर' म्हणता. बांगड्या विकणाऱ्या मणियाराच्या नावात तर 'मणी'च आहे. दागिने रेशमी दोऱ्यात गाठवून देणाऱ्याला पटवेकरी म्हणतात. मोत्यांच्या नथीसाठी बसऱ्याचे मोती नावाजलेले होते. म्हणजे दागिन्यांच्या या दुनियेत मराठी आणि उर्दू दोन्ही भाषा शेजारी शेजारी बसलेल्या आहेत.

पूर्वी सोनाराचा मुलगा वडिलांजवळ बसून काम शिकत असे. आधी फुंकणी धरायची, मग कानस चालवायची, मग तार ओढायची. असे करता करता वर्षे जात. सोन्याचांदीचे काम आजही वर्षानुवर्षेच शिकावे लागते. मात्र मणी, मोती आणि पितळेची तार यांचे साधे दागिने थोड्या दिवसांत शिकता येतात. त्यासाठीच्या कार्यशाळेत भाषण कमी आणि काम जास्त असते. शिकवणारा एकदा करून दाखवतो, मग प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करायचे.

अशा कार्यशाळेत पहिल्या दिवशी माप शिकवतात. समजा, तुम्हाला 40 सेंटिमीटर लांबीची माळ करायची आहे आणि प्रत्येक मणी 8 मिलिमीटरचा आहे. 40 सेंटिमीटर म्हणजे 400 मिलिमीटर. त्याला 8 ने भागले की 50 मणी होतात. पण माळ अडकवण्याचा फासाही थोडी जागा घेतो, म्हणून मणी दोन-तीन कमी लागतात. गणिताच्या तासाला कंटाळणारी मुलेसुद्धा हे गणित आवडीने सोडवतात, कारण उत्तर चुकले तर माळ गळ्याला घट्ट होते.

दुसरा धडा दोऱ्याचा. शिवणाचा साधा दोरा चालत नाही, कारण मण्याच्या भोकाची धार तो कापते. म्हणून मजबूत नायलॉनचा दोरा घेतात. मोत्यांच्या माळेत दोन मोत्यांमध्ये एक बारीक गाठ मारतात. त्यामुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी सगळे मोती विखुरत नाहीत.

तिसरा धडा तारेचा. तारेची कडी उघडताना तिची दोन टोके बाहेर ओढायची नाहीत. एक टोक पुढे आणि दुसरे मागे सरकवायचे. बाहेर ओढली तर कडीचा गोल आकार बिघडतो. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर ती कडक होते आणि शेवटी तुटते. कडक झालेला धातू सोनार तापवून पुन्हा मऊ करतो. पण आग आणि आम्ल यांची कामे जाणत्या माणसाशिवाय कधीही करू नका. तार कापताना टोक उडून डोळ्यात जाऊ शकते, म्हणून ते टोक बोटाने झाकून धरा.

मी स्वतः पहिली माळ ओवली तेव्हा ती मला फार सुंदर वाटली होती. फासा लावला, माळ उचलली आणि शेवटची गाठ सुटली. सगळे मणी जमिनीवर. शिकवणाऱ्या बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सर, आता खरी सुरुवात झाली. मणी वेचा आणि पुन्हा ओवा." दुसऱ्या वेळी गाठ घट्ट बसली, पण माळ वाकडी झाली. तिसऱ्या वेळी ती गळ्यात घालण्याजोगी झाली. गाठ कशी मारायची हे मला पहिल्याच वेळी समजले होते. हाताला मात्र ते तिसऱ्या वेळी समजले.

आता एक हिशेब करू. समजा, एका माळेच्या सामानाला 60 रुपये लागले आणि ती 100 रुपयांना विकली गेली. 40 रुपये उरले. नवशिक्याला ती करायला चार तास लागले, तर तासाला 10 रुपयेच पडले. सराव झाल्यावर तीच माळ एका तासात होऊ लागली, तर तासाला 40 रुपये पडतील. माळ तीच, सामान तेच. फरक पडला तो सरावाचा. विक्रीसाठी केलेला प्रवास आणि न विकलेल्या माळांचा खर्चही वहीत लिहायला विसरू नका.

येथेच फसवणूकही होते. "घरबसल्या माळा ओवा, आम्ही विकत घेऊ" असे सांगून काही लोक आधी अनामत रक्कम मागतात. नंतर "काम चांगले नाही" म्हणून माल नाकारतात आणि पैसेही परत करत नाहीत. म्हणून काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्याच्यापासून सावध राहा. घरातील आई, खाला किंवा आपा अशा कामाचा विचार करत असतील, तर त्यांनाही हे वाचून दाखवा.

खात्रीचा मार्गही आहे. 1982 साली कर्नाटकातील उजिरे येथे गावातील तरुणांना थोड्या दिवसांत व्यवसाय शिकवणारी एक संस्था सुरू झाली. त्याच धर्तीवर पुढे देशभर बँकांच्या मदतीने ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. त्यांच्या अभ्यासक्रमांत नकली दागिने बनवण्याचाही अभ्यासक्रम आहे. तो सुमारे दोन आठवड्यांचा असतो. शिकण्याचे पैसे लागत नाहीत. राहण्या-जेवणाची सोयही संस्थाच करते. त्यासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण असावी लागतात. विशेष म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरही दोन वर्षे संस्था शिकलेल्यांची विचारपूस करते आणि त्यांना मदत करते. शिकवणे दोन आठवडे आणि पाठपुरावा दोन वर्षे! यावरूनच लक्षात येते की कार्यशाळा दार उघडून देते, आत मात्र आपल्यालाच चालत जावे लागते.

मित्रांनो, तुम्हाला 18 वर्षांचे होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. आज घरी गेल्यावर ती डबी शोधा. मणी मोजा, दोरा घ्या आणि माळ ओवा. गाठ सुटली तर पुन्हा ओवा. माळ तयार झाली की ती जिची होती, तिच्या हातात द्या.