घरगुती वीजसंचय : लिथियम बॅटरी नवी की वापरलेली?

पावसाळ्यात सत्तरी, पेडणे, काणकोण यांसारख्या झाडीच्या तालुक्यांत वादळवाऱ्याने वीजवाहिन्यांवर फांद्या कोसळतात आणि वीजपुरवठा खंडित होतो. दिवे-पंखे चालू राहावेत म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यांना जोडलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीची जागा आता लिथियम बॅटरी घेऊ लागली आहे. ती वजनाने हलकी असते, तीत पाणी घालावे लागत नाही आणि तीत साठविलेल्या विजेचा मोठा भाग बॅटरीला अपाय न होता वापरता येतो. अडचण आहे ती किमतीची. त्यामुळे विजेवर चालणाऱ्या वाहनांतून काढलेल्या बॅटऱ्या अर्ध्या किमतीत मिळतात असे कानी येताच ग्राहकाचे मन तिकडे ओढ घेते.

मूळ क्षमता ७० ते ८० टक्क्यांवर आली की बॅटरी वाहनाला पुरेनाशी होते. घरात वजनाचा वा वेगाचा प्रश्न नसल्याने तीच बॅटरी आणखी काही काळ उपयोगी पडू शकते. ही कल्पना चुकीची नाही. प्रश्न आहे तो किती भाव द्यावा याचा.

समजा, ५ युनिट वीज साठविणारी नवी बॅटरी ९०,००० रुपयांस मिळते आणि तितक्याच मूळ क्षमतेची वापरलेली बॅटरी ४५,००० रुपयांस. (हे भाव केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, वाचकांनी त्या जागी आपल्या गावचे भाव घालावेत.) नव्या बॅटरीतून दर वेळी ८० टक्के, म्हणजे ४ युनिट वीज घेतली आणि ती ४,००० वेळा भरून रिकामी करता आली, तर एकूण १६,००० युनिट वीज हाती येते. दर युनिटमागे बॅटरीचा खर्च सुमारे ५ रुपये ६० पैसे पडतो. वापरलेल्या बॅटरीची क्षमता ७० टक्के, म्हणजे साडेतीन युनिट उरलेली असते. तिच्या ८० टक्के म्हणजे २.८ युनिट. ती आणखी १,००० आवर्तने टिकली, तर एकूण २,८०० युनिट मिळतात आणि दर युनिटचा खर्च १६ रुपयांवर जातो. रोज वापर असलेल्या घरात नवी बॅटरी सुमारे ११ वर्षे चालेल, तर जुनी पावणेतीन वर्षांत संपेल. या हिशेबाने जुन्या बॅटरीस पावणेसोळा हजारांहून अधिक देणे परवडणारे नाही.

वापर क्वचितच असेल तर मात्र चित्र पालटते. ज्या घरी वर्षातून ५० वेळाच बॅटरी लागते, तेथे ४,००० आवर्तने पुरी व्हायला ८० वर्षे लागतील. त्याच्या कितीतरी आधी बॅटरी केवळ वयोमानाने निकामी होईल. नवी १२ वर्षे टिकली तर वर्षाला ७,५०० रुपये खर्च येतो. जुनी ४ वर्षे टिकली आणि २०,००० रुपयांस मिळाली, तर तो ५,००० रुपयांवर येतो. म्हणजे रात्रीच्या वापरासाठी रोज सौरऊर्जा साठविणाऱ्याने नवी घेणे हिताचे, तर केवळ पावसाळ्यातील खंडित पुरवठ्यासाठी जुनी घ्यायला हरकत नाही. अट एवढीच की ती खरोखर स्वस्त असावी.

तिची पारख मात्र नीट केली पाहिजे. विक्रेता मीटर लावून ३.३ व्होल्ट दाखवितो. लिथियम लोह फॉस्फेटच्या घटात हा दाब बराच काळ जवळपास स्थिर राहतो. घट थकलेला असला तरी काटा तोच आकडा दाखवू शकतो. म्हणून मीटरवर विसंबू नये. बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, तिच्यावर ५०० वॅटचा भार टाकावा आणि घड्याळ लावून बसावे. साडेतीन युनिटांची बॅटरी सुमारे ७ तास चालावयास हवी. विक्रेता यास राजी नसेल तर त्या दुकानी न थांबणेच बरे. फुगलेला घट किंवा क्यूआर कोड खरवडलेला घट घेऊ नये. एकसरीत जोडलेल्या १६ घटांपैकी एक अशक्त असला तरी संपूर्ण बॅटरीची क्षमता त्याच्यापुरतीच उरते.

वाहनांतील कित्येक बॅटऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीच्या असतात. लोह फॉस्फेटच्या मानाने त्या कमी तापमानाला पेट घेऊ शकतात. झोपण्याच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात त्या ठेवू नयेत. सुटे घट आणून जोडणाऱ्याने दाब व तापमान यांवर लक्ष ठेवणारी नियंत्रक यंत्रणा, जाड तारा, फ्यूज आणि पेटी यांचा खर्च जुन्या बॅटरीच्या किमतीत मिळवूनच तुलना करावी. किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेने जोडटोके गंजतात, हेही विसरू नये. इन्व्हर्टर शिसे-आम्लासाठी बनविलेला असेल, तर तो लिथियमला चालतो काय, याची आधी खात्री करून घ्यावी.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून विकणाऱ्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. खरेदीपूर्वी ती नोंदणी पाहून घ्यावी व पावतीवर क्षमता युनिटांत लिहून घ्यावी. निकामी झालेली बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता वेगळी ठेवून संकलन वा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे देणे ही त्याच नियमांनुसार ग्राहकाची जबाबदारी आहे.