पैलवानाचं शरीर: हौद्यातलं आणि गादीवरचं

जुन्नर-आंबेगावच्या यात्रांत रेवड्यांवरच्या पोरांपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत कुस्त्या आजही मातीतच रंगतात. जुन्या निकाली कुस्तीला घड्याळ नव्हतं. पाठ टेकेपर्यंत झुंजायचं, आणि त्याची किंमत मान, खांदे नि कंबर मोजत. ऑलिंपिक पद्धतीची लढत 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. म्हणून ती सोपी झाली असं मात्र नाही. हौद्यातली माती पायाखाली सरकते. गादीवर पाय रुततो, अंग फिरतं आणि पीळ गुडघ्याला बसतो.

पैलवानाचा चेपलेला कान म्हणजे त्वचा आणि कूर्चा यांच्यामध्ये साकळलेलं रक्त. ते वेळीच काढलं तर कान वाचतो. पण तालमीत तो दागिना समजतात, त्याला कोण काय करणार?

नवा छळ वजनाचा. 2024 मध्ये पॅरिसला अंतिम फेरीच्या सकाळी विनेश फोगाट अवघ्या 100 ग्रॅमने बाद झाली. आदल्या रात्री तिने अन्नपाणी तोडून घाम गाळला होता.