फायरप्लेसमध्ये इन्सर्ट बसवताय? आधी हे वाचा

शिमला, मसुरी, नैनिताल किंवा उटीच्या जुन्या बंगल्यांत दिवाणखान्यात फायरप्लेस हमखास दिसते. दिसायला ती झकास. पण जानेवारीच्या रात्री तिच्यासमोर बसलं, की पाय भाजतात आणि पाठ गारठते. ओंडक्यांमागून ओंडके जळतात, तरी शेजारच्या खोलीत अंगावरची शाल काढवत नाही. मग घरातलं कुणीतरी सुचवतं, ‘इन्सर्ट बसवून घेऊ या!’ सूचना चांगली आहे, पण खरेदीला निघण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्या.

इन्सर्टमुळे काय बदलतं?

उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड भराभर जळतं आणि बहुतेक उष्णता धुराड्यातून निघून जाते. खोलीच्या वाट्याला येते साधारण १० ते १५ टक्के. शिवाय वर जाणारी गरम हवा खोलीतली हवाही ओढून नेते. तिची जागा भरायला खिडक्या-दारांच्या फटींतून बाहेरचं गार वारं आत शिरतं. म्हणजे आग पेटवूनही घर थंडच!

इन्सर्ट म्हणजे बिडाची किंवा पोलादी पेटी. तिला उष्णता सोसणारं काचेचं दार असतं आणि ती फायरप्लेसच्या जुन्या जागेतच बसते. आगीला हवा किती द्यायची, हे आपल्या हातात राहतं. चांगला इन्सर्ट लाकडातली ७० टक्क्यांच्या आसपास उष्णता खोलीला देतो.

आधी उदबत्ती फिरवा

वारा असेल त्या दिवशी पेटलेली उदबत्ती घेऊन खिडक्या, दारं आणि लाकडी जमिनीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे हलतो, तिथे फट आहे. खिडक्यांना रबराची पट्टी, दाराखाली कापडाची जाड गुंडाळी, तावदानांना नवी लांबी अशी ही कामं स्वस्तात होतात. फटी तशाच ठेवून महागडा इन्सर्ट बसवणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

मात्र घर अगदी हवाबंद करू नका. आगीलाही हवा लागते. भिंतीत मुद्दाम ठेवलेली हवेची जाळी कधीच बुजवू नका.

आकार किती असावा?

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार करा. आलेल्या आकड्याला १४ ने भागलं, की किती किलोवॉटचा इन्सर्ट लागेल याचा ढोबळ अंदाज येतो. घर फारच वारं खाणारं असेल तर १० ने भागा. उदाहरणार्थ, ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच खोलीचं घनफळ ७० होतं. फटी बुजवलेल्या असतील तर ५ किलोवॉट पुरे, नसतील तर ७ लागतील. म्हणजे फटी बुजवल्या, की लहान इन्सर्टवर काम भागतं आणि लाकूडही वाचतं.

‘मोठाच घेऊन टाकू’ हा विचार इथे नको. खोलीची भट्टी होते, मग हवा कमी करून आग घुसमटत ठेवावी लागते. अशा आगीतून काजळी आणि डांबरासारखा चिकट क्रिओसोट तयार होतो.

फायरप्लेसचं माप घेताना मागची रुंदी आणि उंचीही मोजा. बऱ्याच जुन्या फायरप्लेस मागे निमुळत्या होत जातात. बर्फवृष्टीत वीज जाते, म्हणून पंख्याशिवायही नीट चालणारा इन्सर्ट निवडा.

धुराड्याकडे दुर्लक्ष नको

जुनी धुराडी रुंद असतात. इन्सर्टचा धूर त्यात लवकर थंड होतो आणि भिंतींवर क्रिओसोट साचतो. तो पेटला, तर धुराड्यालाच आग लागते. पहाडातल्या जुन्या घरांत भिंतींत आणि छतात भरपूर लाकूड असतं, हे विसरू नका. म्हणून इन्सर्टपासून धुराड्याच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलची नळी, म्हणजे लायनर, टाकून घ्या. वर पाऊस आणि पक्षी अडवणारी टोपी बसवा. त्याआधी जाणकार कारागिराकडून धुराड्याची तपासणी करून घ्या आणि दरवर्षी एकदा तरी ते साफ करा.

लाकूड कोरडंच हवं

ओलं लाकूड पाणी उकळण्यातच आपली उष्णता घालवतं. ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी हवा. तो मोजायचं छोटं यंत्र मिळतं. नाही तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. कोरडे असतील तर खणखणीत आवाज येतो. फोडलेलं लाकूड सुमारे वर्षभर सुकू द्या. वरून पाऊस अडवा, पण बाजूंनी वारा लागू द्या. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड किंवा प्लॅस्टिक कधीही जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो.

जिवाशी खेळ नको

उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्यामुळे माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. कारण असतं कार्बन मोनॉक्साइड. या वायूला ना रंग, ना वास. धुराडं तुंबलं, तर इन्सर्टमधूनही तो खोलीत येऊ शकतो. त्यामुळे बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म इन्सर्टच्या खर्चातच धरा. आग पेटलेली असताना डोकं दुखू लागलं, मळमळलं किंवा गरगरलं, तर सगळ्यांना घेऊन आधी बाहेर मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना दाखवा.

काच गरम असते, म्हणून लहान मुलं असतील तर पुढे जाळीचं कठडं लावा. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून घराबाहेर ठेवा, तिच्यात निखारे बराच वेळ धुमसतात. काच काळी पडली, तर ती गार झाल्यावर ओल्या कागदाला थोडी राख लावून पुसा, लख्ख होईल.

ही सगळी तयारी हिवाळ्याच्या तोंडावर होत नाही. लाकूड वर्षभर आधी फोडून ठेवा. फटी आणि धुराडं पावसाळा संपताच बघून घ्या, इन्सर्टचं माप त्यानंतर ठरवा.