घराचे तोंड कोणीकडे?

घराचा फोटो काढायचा म्हटले, की आपण काय करतो? रस्ता ओलांडून पलीकडे जातो, घराच्या बरोबर समोर उभे राहतो, सगळे घर चौकटीत मावेपर्यंत मागे मागे सरकतो आणि पाठीला शेजाऱ्याची भिंत लागली की कळ दाबतो. फोटो येतो तो पासपोर्टावरच्या फोटोसारखा. नाक, डोळे, कान सारे जागच्या जागी. पण माणूस काही ओळखीचा वाटत नाही!

आता खिशातल्या मोबाईलने जो तो दिवसाला शंभर फोटो काढतो. मग या विषयावर, आणि तेही मराठीच्या प्राध्यापकाने, लिहावे कशाला, असे वाचक म्हणतील. त्याला कारण आमच्या मामांचे घर. खडकी बाजारातल्या एका बोळात ते होते. दुमजली, दगडी जोत्याचे, लाकडी सज्जा, वर मंगलोरी कौले, पुढे बसण्यापुरता ओटा. गेल्या दिवाळीनंतर ते पाडायचे ठरले. मामांनी मला बोलावून फर्मान सोडले, "तुला कॅमेऱ्याचा नाद आहे ना? मग एकच फोटो काढ. पण असा, की नव्या जागेत भिंतीवर लावता आला पाहिजे."

एका फोटोचे एवढे काय, असे कोणाला वाटेल. पुणेकराला वाटू नये. शनिवारवाडा आगीत सापडला १८२८ साली, आणि फोटो काढण्याची कला पॅरिसमध्ये जगाला जाहीर झाली १८३९ साली. अवघ्या अकरा वर्षांनी चुकामूक झाली! आज तट आहे, दिल्ली दरवाजा आहे, आतली जोती आहेत. पण वाड्याचे तोंड कसे होते, ते जुन्या चित्रांवरून आणि वर्णनांवरून जुळवीत बसायचे. पुढे १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या मंडळींत होते. १८५५ साली सरकारने कॅप्टन बिग्ज यांना इमारतींचे फोटो घेण्यासाठी नेमले, म्हणून विजापूर-बदामीची त्या काळची रूपे आपल्याला पाहायला मिळतात. बोळातल्या घरांसाठी असा कोणी कॅप्टन नेमलेला नसतो. ते काम भाच्यांकडे येते.

मी कॅमेरा घेऊन गेलो तर मामा-मामींचे आधीच वाजलेले. मामांचे म्हणणे, फोटो समोरून हवा आणि दारावरची त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी वाचता आली पाहिजे. मामी म्हणाल्या, "अरे, समोरून हे घर मी कधी पाहिलेच नाही. समोरच्यांच्या भिंतीला पाठ लावून उभे राहायला मी काय पोस्टमन आहे? मी पाहिले ते बोळाच्या तोंडाशी. लग्न होऊन टांग्यातून उतरले, तेव्हा आधी दिसली सज्ज्याची कड, मग नळ, आणि मग ओट्यावर उभ्या असलेल्या सासूबाई."

मला विचाराल, तर मामींचे म्हणणे फोटोच्या शास्त्राला धरून होते. समोरून घर सपाट दिसते, नकाशासारखे. कोपऱ्याकडून पाहिले की त्याला खोली येते. मात्र बरोबर कोपऱ्यासमोर उभे राहू नये. तिथून दोन्ही भिंती सारख्याच महत्त्वाच्या वाटतात आणि डोळा कुठे टेकावा हे त्याला कळत नाही. पुढच्या बाजूला दोन वाटे आणि कडेच्या भिंतीला एक वाटा मिळेल, अशी जागा धुंडाळावी. मामींच्या जागेवरून पुढची बाजू फारच आकसून दिसत होती, म्हणून मी पंधराएक पावले आत सरकलो.

अंतराचीही एक गंमत आहे. खडकी म्हटले की ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आलीच. दुसऱ्या बाजीरावाने ती पर्वतीवरून पाहिली असे सांगतात. तिथून फौजेची मांडणी दिसली असेल. दलदलीत रुतलेले घोडे कुठून दिसणार? उलट फार जवळ गेले तर नाक मोठे आणि कान लहान, असा प्रकार होतो. मोबाईलमधल्या 'रुंद' भिंगाचा मोह पडतो तो इथेच. दोन हातांवरून सगळे घर मावते खरे, पण सज्जा अंगावर येतो आणि मागची खोली पळून गेल्यासारखी दिसते. दोष भिंगाला देऊ नये. वस्तूंचे एकमेकींशी प्रमाण ठरते ते आपण कुठे उभे आहोत त्यावर.

खडकीला लागूनच गणेशखिंडीत विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, पूर्वीचा गव्हर्नरांचा बंगला. तिच्यापुढे ऐसपैस हिरवळ आहे, हवे तितके मागे सरका. आमच्या बोळाची रुंदी मात्र दोन सायकली जेमतेम जातील एवढी. मग माणूस खालून कॅमेरा वर करतो आणि घराच्या भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. जुन्या पेटीकॅमेऱ्यांत नुसते भिंग वर सरकवायची सोय असे. आपण स्वतः वर सरकावे. तिरक्या समोरच्या घराला बाहेरून जिना होता. त्यांची परवानगी काढून मी पाचव्या पायरीवर उभा राहिलो. कॅमेरा सरळ धरता आला आणि भिंती ओळंब्यात आल्या. (खडकीत कॅमेरा रोखण्यापूर्वी मागे कोणती भिंत येते तेही पाहावे. लष्करी हद्दीच्या भिंतींवर फोटोला मनाई असल्याच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत.)

भाचेमंडळी आवराआवरीला लागली. नळाखालची बादली उचला, सायकल हलवा, दोरीवरचे धोतर काढा! मी धोतर तेवढे काढू दिले. बादली आणि सायकल राहिली, नळ चौकटीच्या डाव्या कडेला मुद्दाम घेतला. वर विजेच्या तारांचे जाळे होते, त्याला इलाज नव्हता. माझ्या मते नसावाच. तारांशिवाय खडकी बाजार कोणी पाहिला आहे?

खरी अडचण उन्हाची होती. घराचे तोंड उत्तरेकडे. पुणे साडेअठरा अक्षांशावर. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्च उलटेपर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडूनच फिरतो. उत्तरेच्या भिंतीवर एक कवडसा पडायचा नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन पडते, तेच उत्तम. सज्ज्याची सावली उतरते आणि दगडाचा दाणा उठून दिसतो. मेच्या मध्यापासून तर सूर्य दुपारीही उत्तरेकडे असतो, पण लवकरच पाऊस गाठतो. आम्ही उभे होतो ऐन दिवाळीत. घरामागचे आभाळ पांढरेफेक, घर काळे, आणि सज्ज्याखालची ती पाटी तर दिसतच नव्हती. मामा माझ्याकडे असे पाहू लागले, की सूर्य मीच फिरवला आहे.

उत्तराभिमुख घरवाल्यांनी अशा वेळी संध्याकाळपर्यंत थांबावे. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटे आभाळाचा उजेड आणि घरातल्या दिव्यांचा उजेड यांची बरोबरी होते. आभाळ निळे राहते, खिडक्या पिवळ्या होतात. फ्लॅश मारू नये, त्याचा उजेड चार-सहा पावलांत संपतो. कॅमेरा तिपाईवर ठेवावा. मोबाईललाही छोटी तिपाई मिळते.

मामींनी पणत्या लावल्या, आकाशकंदील लागला, दारावरचा दिवा लागला आणि पाटीवरची अक्षरे दिसू लागली. दोन सेकंद उजेड घ्यावा लागणार होता. १८३८ साली दागेरने पॅरिसच्या रस्त्याचा फोटो घेतला, त्यात चालती माणसे आणि गाड्या उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा आला. आमच्याकडेही तसेच झाले. फुलबाज्या घेऊन पळणाऱ्या पोरांच्या नुसत्या रेघा आल्या. दारात उभ्या मामांनी मध्येच मान वळवून "झाले का?" म्हणून विचारले, त्यामुळे त्यांना दोन तोंडे आली. ओट्यावर बसलेल्या मामी तेवढ्या स्पष्ट आल्या.

घर जानेवारीत पाडले. फोटो सध्या दापोडीच्या भाड्याच्या जागेत दारासमोर लावला आहे. आल्यागेल्याला मामा पाटी वाचून दाखवतात. मामी चौकटीच्या डाव्या कडेवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हा आमचा नळ."