पेडणे-डिचोलीतील गावठी मांस: मागणी, खर्च आणि खात्री
लेखमाला: गोठा ते ताट (लेखांक ७)

गोव्यात मांसाची मागणी मासळीच्या भावावर हलते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात ताजी मासळी कमी मिळते आणि महागते, त्यामुळे पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घरे कोंबडीकडे वळतात. त्यामागोमाग श्रावण येतो. कित्येक घरांत चवथ (गणेश चतुर्थी) सरेपर्यंत शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण असते आणि कोंबडीचा खप एकाएकी उतरतो. सोमवार, गुरुवार किंवा कुलदेवतेचा वार पाळणारी घरे तर बारा महिने आहेत. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे तिचे भक्त, जत्रेपूर्वी व्रतस्थ राहतात, तेव्हा आसपासच्या गावांतल्या दुकानांनाही ते जाणवते. विक्री आठवडाभर लांबली तरी जनावर रोज खातेच, म्हणून विकण्याची वेळ हा या धंद्यातील मोठा खर्च ठरतो.

दुसरी मागणी पर्यटनाची. २०२४ साली गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले. मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी उड्डाणे सुरू झाल्यापासून मोरजी, मांद्रे आणि हरमल हा पेडण्याचा किनारा पर्यटकांच्या आणखी जवळ आला. हॉटेलला रोज एकाच वजनाची, एकाच भावाची, सोललेली कोंबडी हवी असते. ही गरज ब्रॉयलर भागवतो.

ब्रॉयलरचा हिशेब सोपा आहे. साधारण चाळीस दिवसांत पक्षी दोन किलोंचा होतो आणि किलोभर वजनासाठी सुमारे १.६ ते १.७ किलो खाद्य खातो. उत्पादनखर्चाचा जवळपास दोन तृतीयांश वाटा खाद्याचा असतो. खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयापेंड, आणि मका किंवा सोयाबीन गोव्यात फारसे पिकत नाही. २०२१ साली सोयाबीन इतके महागले की केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड आयातीस परवानगी दिली. अलीकडे मक्याला इथेनॉल कारखान्यांची मागणी वाढली आहे. पेडण्यातल्या दुकानातील फळ्यावरचा भाव अशा दूरच्या घडामोडींवर ठरतो. कंत्राटी पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी देते; शेड, वीज, पाणी आणि श्रम शेतकऱ्याचे असतात, आणि त्याला किलोमागे ठरलेला मोबदला मिळतो. बाजार पडला तर नुकसान बहुतांशी कंपनीचे, चढला तर नफाही तिचाच. गोव्याला लागणारे बरेचसे पक्षी बेळगाव भागातून आणि महाराष्ट्रातून ट्रकने येतात.

गावठी कोंबडीचे गणित याच्या अगदी उलट आहे. ती उष्टे-खरकटे, कोंडा, किडे, वाळवी आणि मळणीनंतर सांडलेले भात खाते. विकतचे खाद्य तिला जवळजवळ लागत नाही. माणसाच्या ताटातले धान्य ती हिरावून घेत नाही, तिच्यासाठी वेगळे शेत लागत नाही आणि तिची विष्ठा कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, मुरते. शाश्वत मांस म्हणून जगभर ज्याची चर्चा चालते, त्याच्या बहुतेक अटी ही कोंबडी आपसूक पुऱ्या करते. मात्र तिला दीड किलोपर्यंत यायला पाच-सहा महिने लागतात. वर्षाला ती साठ-ऐंशी अंडी घालते, तर व्यापारी जातीची कोंबडी तीनशेच्या वर. मानमोडी अर्थात राणीखेतची साथ आली की एका आठवड्यात खुराडे रिकामे होऊ शकते. उरलेल्यांवर मुंगूस आणि घारीचा डोळा असतो. दहा कोंबड्या पाळणाऱ्या घरी वर्षाला सहाशे ते आठशे अंडी मिळतात, त्यातली काही उबवणीला ठेवावी लागतात आणि काही घरात संपतात. हे सारे काम बहुधा घरातली बाई करते आणि तिच्या वेळेची किंमत कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. हा या अर्थकारणातील सर्वांत मोठा अन्याय आहे. तिचे श्रम मोजले, तर गावठीचा चढा भाव महाग वाटणार नाही.

ग्राहक हा भाव देतो. गावठी कोंबडी ब्रॉयलरच्या दुपटी-तिपटीने विकली जाते आणि तरीही शागुतीसाठी लोक तीच शोधतात. म्हणजे शाश्वत मांसाला मागणी नाही, हे म्हणणे इथे खरे नाही; ती मागणी चवीच्या रूपात पिढ्यानपिढ्या आहे. अडचण खात्रीची आहे. शेडमध्ये विकतच्या खाद्यावर वाढवलेले रंगीत पिसांचे संकरित पक्षीही गावठी म्हणून खपतात, आणि सोललेल्या कोंबडीकडे पाहून फरक ओळखणे कठीण. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी दाखवले, की गिऱ्हाइकाला चांगला-वाईट माल ओळखता येत नसेल, तर ते सर्वांनाच मधला भाव देऊ लागते आणि अस्सल माल विकणारा बाजारातून बाहेर पडतो. गावठीच्या बाजाराला हाच धोका आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेडण्या-डिचोलीहून आलेली ओळखीची विक्रेती असते, तोवर ओळख हीच हमी. हरमलच्या हॉटेलमालकाला ती हमी मिळत नाही, म्हणून तो जादा पैसे मोजत नाही.

गुरांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. श्वेत कपिला ही गोव्याची स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंदली गेली. ती डोंगरउतारावर चरून जगते, पण दिवसाला तीन लिटरांच्या आतबाहेरच दूध देते. संकरित गाय अधिक देते, पण तिला पेंड आणि विकतचा चारा लागतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यात गाळाने भातशेते बिघडली, तिथे पेंढाही कमी झाला. पॉवर टिलर आल्यावर पाड्याला गोठ्यात काम उरले नाही. १९७८ च्या कायद्याने गोव्यात गोहत्या बंद आहे. बैल आणि म्हशींची कत्तल १९९५ च्या कायद्याने दाखल्याच्या अटीवर होते. मोठ्या जनावरांचा सरकारी कत्तलखाना फोंडा तालुक्यात उसगावला आहे, पण त्याची जनावरे शेजारच्या राज्यांतून यायची. महाराष्ट्राने २०१५ साली आणि कर्नाटकाने २०२१ च्या आरंभी निर्बंध कडक केले आणि पुरवठा आटला. स्थानिक पाडे मात्र रस्त्यावर सोडले जातात. त्यांपैकी काहींना मयेतील सिकेरीच्या गोशाळेत आसरा मिळतो आणि त्यांच्या चाऱ्याचा भार अनुदान व देणग्यांवर पडतो. दुधाच्या भावात हा खर्च धरलेला नसतो.

पर्यावरणाचा हिशेबही एकरेषीय नाही. मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुधनातून येतात, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली दिला. कमी दूध देणाऱ्या गायीचा लिटरमागे मिथेन अधिक भरतो. मात्र ती आयात खाद्यावर विसंबून नसते. कोंबडी रवंथ करणारा प्राणी नसल्यामुळे तिच्या पचनातून मिथेन नगण्यच निघतो.

गावठी कोंबडीच्या खात्रीची अडचण सोडवण्याचा स्वस्त मार्ग पीजीएस-इंडिया या सहभागी हमी पद्धतीत आहे. तीत शेजारचे शेतकरी गट करून एकमेकांची पाहणी करतात, त्यामुळे तपासनिसाचे मोठे शुल्क वाचते. गटाने लसीकरण एका दिवशी केले तर राणीखेतचे नुकसानही घटते, कारण लसीची कुपी एकदा फोडली की लगेच संपवावी लागते आणि दहा कोंबड्यांसाठी ती परवडत नाही. अंड्यांसाठी ग्रामप्रियासारख्या सुधारित परसजाती उपयोगी पडतात, पण त्यांना गावठी म्हणून विकू नये. मांसासाठी उबवणीचा महिना महत्त्वाचा: जानेवारीत निघालेली पिल्ले जून-जुलैत, म्हणजे मासेमारी बंदीत, विक्रीला येतात आणि श्रावणाआधी संपतात. मे महिन्यातली पिल्ले ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पर्यटन हंगामाला तयार होतात, पण कोवळ्या वयात त्यांच्यावर पाऊस येतो, ओल्या खुराड्यात रक्ती हगवण पसरते आणि मर वाढते. म्हणून या तुकडीसाठी कोरडी, उंचावरची जागा आणि भाताच्या तुसाचा जाड थर आधीच तयार ठेवावा लागतो.