शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

रतन टाटा यांनी एका मुलाखतीत आपल्या श्वानाची हकीकत सांगितली होती. त्याच्या सांध्यावरील उपचारासाठी त्यांना थेट अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठ गाठावे लागले. परंतु तोवर उशीर झाला होता. सांधा बदलणे शक्य नव्हते, म्हणून तो एका ठरावीक स्थितीत जखडून टाकण्यात आला. पुढे जुलै २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. सांध्याच्या दुखण्यात वेळेचे मोल किती असते, हे या हकीकतीवरून ध्यानात यावे.

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या पेठांतील वाड्यांचे उभे जिने, नव्या सदनिकांतील गुळगुळीत फरशी आणि रस्त्यावरील दुचाकींची वर्दळ, यांपैकी कशानेही चार-सहा महिन्यांच्या पिल्लाचा गुडघा मोडू शकतो. या वयात मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी कूर्चेचा एक मऊ थर असतो. हाडाची लांबी तेथेच वाढते आणि हाडाचा तोच भाग सर्वांत नाजूक असतो. मार बसला की बहुधा तेथेच हाड सरकते. शल्यचिकित्सक ते जागेवर बसवून पोलादी पिनांनी स्थिर करतात. पिल्लाचे हाड झपाट्याने सांधते, त्यामुळे ही शस्त्रक्रिया पहिल्या काही दिवसांतच व्हावी लागते. चुकीच्या जागी सांधू लागलेले हाड नंतर सरळ करणे अवघड जाते.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की घरातील मंडळी निश्चिंत होतात. खरी जोखीम मात्र तेथूनच सुरू होते. दुखते म्हणून पिल्लू पाय ताठ धरते आणि आपणही दयेपोटी त्याला हात लावत नाही. अशा वेळी मांडीच्या पुढील बाजूचा स्नायू आखडून हाडाला चिकटतो आणि पाय कायमचा काठीसारखा ताठ होतो. हाड उत्तम सांधूनही पाय निकामी होतो, तो असा. एकदा आलेला हा ताठपणा पुन्हा क्वचितच सुटतो.

यावर उपाय साधा आहे, पण त्यात खंड पडता कामा नये. पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे शेकावा. डॉक्टरांनी अनुमती देताच पिल्लाला निरोगी कुशीवर निजवून गुडघा हलक्या हाताने वाकवावा व सरळ करावा. एका वेळी दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. ते कळवळले तर तेथेच थांबावे. पोटाखाली पंचा धरून आधार देत, पट्ट्याने बांधून पाच-पाच मिनिटे सावकाश चालवावे. जिना, सोफ्यावरील उडी व मुलांबरोबरची धावपळ पूर्ण बंद ठेवावी आणि फरशीवर सतरंजी अंथरावी. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यातील प्लास्टिकची कॉलर काढू नये. चार ते सहा आठवड्यांनी एक्स-रे पाहूनच मोकळीक द्यावी. पाय मागे ताठ ओढला जात असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. आवर्ती ठेवीचा हप्ता जसा चुकवून चालत नाही, तसेच हे आहे.

घरातील वेदनाशामक गोळी मात्र कदापि देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी माणसांची औषधे श्वानाच्या जठराला व मूत्रपिंडांना घातक ठरतात. कॅल्शियमही मनाने देऊ नये. वाढत्या पिल्लात त्याचा अतिरेक हाडांनाच बाधतो.

शाकाहारी घरांत आहाराचा प्रश्न हमखास निघतो. श्वान शाकाहारावर जगू शकतो. मात्र वाढत्या पिल्लाला नुसत्या दूध-पोळीवर ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच होय. हाड व स्नायू भरून येण्यासाठी पुरेशी प्रथिने लागतात, म्हणून संतुलित शाकाहारी खाद्य पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच निवडावे. कांदा-लसूण श्वानाला विषारी असल्याने आपले स्वयंपाकघर त्या बाबतीत सुरक्षित आहे. पण मनुके, द्राक्षे व चॉकलेटही तितकीच घातक आहेत, हे मुलांना बजावून ठेवावे.

मराठवाड्यात परभणी येथे शासकीय पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबईतील असे महाविद्यालय तर १८८६ पासून चालू आहे. शस्त्रक्रिया तेथील जाणकार करतील. गुडघा दिवसातून तीनदा वाकवण्याचे काम मात्र घरच्यांनाच करावे लागते. दुकान उघडण्यापूर्वी, दुपारी आणि दुकान वाढवल्यावर काढलेली ती दहा-दहा मिनिटे हीच त्या मुक्या जीवाच्या वाट्याला येणारी खरी जीवदया होय.